फोमच्या बॉलचा ब्लास्टर: खोक्यावरचे आकडे आणि आमच्या चाळीच्या गॅलरीतले आकडे

चाळकरी_मामा

मंडळी, लांबण लागणार आहे, आधीच सांगतो. चहा घेऊन बसा.

भाचा सुट्टीत डोंबिवलीहून आलाय, वय ९, आणि आल्या दिवसापासून एकच टकळी, मामा ब्लास्टर घे, मामा ब्लास्टर घे. ब्लास्टर म्हणजे फोम मारणारी खेळण्यातली बंदूक. तो लांबुडक्या डार्टवाला नको, गोल बॉलवाला हवा, कारण शाळेतल्या कुणाकडे तरी तसा आहे. नर्फ कंपनीच्या ओरिजिनल रायव्हल ब्लास्टरची किंमत बघून मी गप मोबाईल खिशात ठेवला आणि शनिवारी क्रॉफर्ड मार्केटच्या मागच्या गल्लीतून साडेसातशेचा एक उचलला. निळा-नारिंगी, पुढून मागे खेचायचा स्प्रिंगवाला, बॅटरी नाही. मॅगझिनमध्ये १२ बॉल मावतात, सोबत एकूण २४ फुकट. खोक्यावर लिहिलंय १०० फूट रेंज आणि ३० मीटर पर सेकंद, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात १४+. दुकानदाराला म्हटलं पोरगा नऊचा आहे, तर म्हणाला सगळे घेतात ओ काका. (मी ३४ चा आहे. असो.)

आता आमच्या चाळीची गॅलरी म्हणजे या कामाला देवानेच बांधल्यासारखी. सरळ साठ फूट, दोन फुटी शहाबादी फरशा, म्हणजे टेप लागतच नाही, फरशा मोजायच्या. रविवारी दुपारी सगळे झोपलेले असताना मी, भाचा आणि शेजारचा त्याचा मित्र असे तिघं बसलो.

पहिली टेस्ट. कठड्यावर ब्लास्टर आडवा ठेवला, नळी जमिनीपासून सव्वा मीटरवर. सव्वा मीटरवरून कुठलीही वस्तू आडवी सोडली तर खाली यायला साधारण अर्धा सेकंद लागतो, दहावीचं फिजिक्स. बॉल सरासरी बाराव्या फरशीच्या आसपास टेकला, म्हणजे २४ फूट, सव्वासात-साडेसात मीटर. भागिले अर्धा सेकंद, म्हणजे १५ मीटर पर सेकंद. खोक्यावर ३०! बरोब्बर अर्धा! संध्याकाळी मैदानात नेऊन नळी वर करून पण मारला, जास्तीत जास्त ५५-६० फूट, १०० फूट काय नाय.

नेम: २० फुटांवर जेवणाचं स्टीलचं ताट उभं केलं, २० पैकी १३ लागले. जेवणाचं ताट म्हणजे तसं मोठंच की. लागला की टण्ण आवाज येतो त्यामुळे चौथ्या मिनिटाला अर्धी चाळ जागी.

अडकणं: ६० मध्ये ७ वेळा बॉल अडकला. भाच्याला खेचायला जड जातं म्हणून तो मागचा भाग पोटाला टेकवून दोन्ही हातांनी ओढतो, आणि अडकला की एक डोळा मिटून नळीत बघतो, कुठे अडकलाय म्हणून, एकदम जेम्स वॉट. फोटो टाकला असता पण आईने काढू दिला नाही.

लागतो किती? स्वतःच्या मांडीवर तीन फुटांवरून मारून घेतला. चुरचुरलं, लाल झालं, पाच मिनिटांत गेलं. पाठीवर शर्टावरून काहीच वाटत नाही.

तर प्रश्न असा, वेग अर्धाच निघाला म्हणजे हा सेफ समजायचा का? फसवणूक झाली म्हणून रडू की बरं झालं म्हणून हसू?

गिरगावची_ताई

वाचतेय. ताट कुणाचं होतं ते सांगा आधी.

चाळकरी_मामा

आईचं. दुसऱ्या दिवशी मला त्याच ताटात वाढलं, काही न बोलता.

कणाद_परळकर

मामा, धागा आवडला, पण गणित जरा अर्धवट आहे. तुम्ही काढला तो पूर्ण उड्डाणाचा सरासरी वेग, खोक्यावर लिहितात तो नळीतून बाहेर पडतानाचा. दोन्हींत फार फरक पडतो कारण हा बॉल म्हणजे पीस आहे हो. वजन काही नाही आणि आकार मोठा, हवा त्याला खाऊन टाकते. बॉल किती मिमीचा आणि किती वजनाचा ते सांगा, मग बोलू.

आणि मोजायची सोपी पद्धत: ३ मीटरवर पत्र्याचा डबा ठेवा, मोबाईल नळीशेजारी ठेवून आवाज रेकॉर्ड करा. ऑडॅसिटी नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, त्यात फाइल उघडली की दोन टेकड्या दिसतील, सुटल्याचा आवाज आणि आपटल्याचा आवाज. मधला वेळ मोजा. डब्याचा आवाज परत यायला ९ मिलीसेकंद लागतात ते वजा करा. दहा वेळा मारून सरासरी घ्या, एकावर विश्वास ठेवू नका.

बंड्या_बोरीवली

खी खी, स्प्रिंग बदल ना सरळ. ऑनलाइन मिळते जाड स्प्रिंग, ३० काय ४० जाईल. मी डार्टवाल्यात टाकलीये.

डोळसबाई

मी एका डोळ्यांच्या दवाखान्यात ऑप्टोमेट्रिस्ट आहे म्हणून आयडी असा. मामा, तुम्ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट गंमत म्हणून लिहून पुढे गेलात. वेग १५ की ३० ते नंतर बघू. अडकला की पोरगं नळीत बघतं, यावर कुणीच काही बोललं नाही? स्प्रिंग ताणलेली आहे, बॉल आत आहे, बोट ट्रिगरजवळ आहे आणि डोळा नळीला. त्या अंतरावर १५ काय आणि ३० काय.

बॉल साधारण बावीस-तेवीस मिमीचा असतो ना? डोळ्याची खोबण समोरून साधारण ४ सेंटीमीटर रुंद असते. टेनिस बॉल साडेसहा सेंटीमीटरचा, त्यामुळे तो बराचसा भुवईच्या आणि गालाच्या हाडावर अडतो. तो लागला तरी इजा होते, नाही असं नाही, पण हाडं बराच मार खातात. स्क्वॉशचा बॉल ४ सेंटीमीटरचा, म्हणून स्क्वॉशवाल्यांना आम्ही गॉगल घाला म्हणून मागे लागतो. आणि हा तुमचा बॉल तर खोबणीत आरामात मावतो, थेट बुबुळावर. फोम मऊ आहे म्हणून खरचटणार नाही कदाचित, पण दाब बसतो.

२०१७ साली बीएमजे केस रिपोर्ट्समध्ये लंडनच्या मूरफिल्ड्स आय हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी तीन पेशंट नोंदवले होते, दोन मोठी माणसं आणि एक ११ वर्षांचा मुलगा, तिघांनाही फोमच्या डार्टचा मार डोळ्यावर बसला होता आणि तिघांच्याही डोळ्यात आतून रक्त उतरलं होतं. याला हायफिमा म्हणतात, बुबुळाच्या काचेच्या मागे जो पाण्याचा कप्पा असतो त्यात रक्त साठतं. तिघंही पुढे बरे झाले. पण बरं होईपर्यंत काय टेन्शन असतं ते पेशंटच्या आईला विचारा.

ठाकूरद्वारचा_दादा

कायच्या काय घाबरवताय. आमच्या वेळी बेचकी होती, विटीदांडू होता, टिकल्यांची पिस्तुलं होती, आणि आम्ही सगळे दोन दोन डोळे घेऊन धडधाकट आहोत. आताच्या पोरांना कापसात ठेवायचंय.

डोळसबाई

दादा, ज्यांना विटी लागली ते इथे "आमच्या वेळी" लिहायला येत नाहीत, ते आमच्याकडे येतात. साठीतली माणसं येतात, एका डोळ्याने दिसत नाही, कधीपासून विचारलं की "लहानपणी विटी लागली होती". बॅडमिंटनच्या फुलाचे पण येतात, ते तर पाच ग्रॅमचं असतं. दिवे घ्या (म्हणजे हलकं घ्या), पण थोडेच.

ठाकूरद्वारचा_दादा

घेतले. विटीचं खरं आहे, माझ्या चुलतभावाची भुवई फाटली होती. डोळा थोडक्यात वाचला.

पिट्याची_आई

मामा घरात अजून लहान कुणी आहे का? माझा धाकटा दीड वर्षाचा आहे आणि दिसेल ते तोंडात घालतो. तीन वर्षांखालच्यांच्या खेळण्यांत छोटे बॉल तपासायला ४४.५ मिमीचं भोक असलेलं माप असतं, त्यातून जो बॉल आरपार जातो तो बाद. हा तेवीसचा बॉल तर त्यातून धावत जाईल. फोम असल्यामुळे दाबला जातो, घशात जाऊन परत फुगतो, म्हणून जास्त भीती. आमच्याकडे खेळ झाला की बॉल मोजून डब्यात आणि डबा माळ्यावर. एक कमी भरला की सोफा उचलायचा.

चाळकरी_मामा

@पिट्याची_आई, आमच्याकडे नाही पण खालच्या मजल्यावर आहे, आणि बॉल कठड्यावरून खालीच जातात. हे डोक्यातच आलं नव्हतं. धन्स.

@डोळसबाई, ताई खरं सांगतो, ते वाचून पोटात गोळा आला. ब्लास्टर कपाटावर ठेवलाय, भाचा बोलत नाहीये.

@कणाद, केलं तुम्ही सांगितलं तसं. बॉल २३ मिमी. वजन करायला कोपऱ्यावरच्या सराफाकडे गेलो, त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग बॉलकडे, मग म्हणाला किती कॅरेट. १० बॉल मिळून १७.२ ग्रॅम. बिस्किटाच्या डब्यावर दहा वेळा मारला, मधला वेळ सरासरी १८३ मिलीसेकंद. आता तुम्हीच बघा.

कणाद_परळकर

सराफ भारी!

१८३ मधून ९ गेले, १७४ मिलीसेकंद. ३ मीटरला सरासरी १७.२ मीटर पर सेकंद. आता एवढ्या हलक्या, एवढ्या आकाराच्या गोळ्याचा वेग हवेमुळे दर मीटरला साधारण सहा-साडेसहा टक्के गळतो. हिशेब मागे नेला की नळीच्या तोंडाशी येतात १९ मीटर पर सेकंद. म्हणजे अर्धा नाही, दोन तृतीयांश. आणि गंमत बघा, १९ ने सुरुवात करून सव्वा मीटरवरून आडवा सोडला तर तो २४ फुटांवरच पडायला हवा. तुमच्या फरशा आणि माझं गणित जुळलं, मामा तुम्ही नीट मोजलंय.

१०० फुटांचं पण त्यातच उत्तर आहे. दहा मीटर जाईपर्यंत वेग जवळपास अर्धा होतो. खरोखरचे ३० असते तरी १०० फूट कठीणच.

आता ऊर्जा. १.७२ ग्रॅम आणि १९ चा वेग, म्हणजे ०.३१ ज्यूल. ३० च्या वेगाला हीच ०.७७ होते, म्हणजे अडीचपट, कारण वेगाचा वर्ग येतो. बंड्या, तुझ्या जाड स्प्रिंगने ४० गेला तर १.३८ ज्यूल. तू आणि तुझे मित्र सज्ञान असाल, गॉगल घालत असाल तर तुमचं तुम्ही बघा, पण ९ वर्षांच्या पोराच्या धाग्यावर हा सल्ला नको.

पण नुसती ऊर्जा बघून भागत नाही, ती किती जागेवर उतरते ते बघायचं. खेळण्यांच्या मानकांत, युरोपच्या ईएन ७१ मध्ये आणि आयएसओ ८१२४ मध्ये, मर्यादा आहे २५०० ज्यूल प्रति चौरस मीटर. तुमच्या बॉलचा अख्खा गोल धरला तर ७५० च्या आसपास येतात, म्हणजे भरपूर खाली. जत्रेत मिळतात त्या छर्ऱ्याच्या बंदुका आठवा, ६ मिमीचा कडक प्लास्टिकचा छर्रा, ०.१२ ग्रॅम, ५० च्या वेगाने गेला तरी ऊर्जा फक्त ०.१५ ज्यूल, तुमच्या बॉलच्या निम्मी. पण जागा एवढीशी की आकडा जातो ५३०० वर. म्हणून तो चावतो आणि हा चुरचुरतो.

निवृत्त_फिटर

कणादराव, एक शंका. गोल वस्तू सपाट भिंतीला लागते तेव्हा पूर्ण गोल थोडाच टेकतो? मधलाच भाग टेकतो. अख्खा गोल कसा धरला तुम्ही?

कणाद_परळकर

काका, पकडलंत. बरोबर आहे. मानकातही टेकलेली जागाच मोजतात, बॉलला शाई लावून ठसा घेतात. मी आळस केला.

मामा, अजून एक काम.

चाळकरी_मामा

शाई नव्हती, होळीचा गुलाल उरलेला होता. बॉल ओला करून गुलालात बुडवला, भिंतीवर पेपर चिकटवला आणि एका फुटावरून मारला. ठसा साधारण १४ मिमीचा, आठ ठसे घेतले, सगळे तेरा ते पंधराच्या मध्ये. भिंतीवर पण एक आहे, पेपर चुकला. आईला अजून माहीत नाही.

कणाद_परळकर

१४ मिमीचा ठसा म्हणजे दीड चौरस सेंटीमीटर. ०.३१ ज्यूल भागिले तेवढं, साधारण २००० ज्यूल प्रति चौरस मीटर. मर्यादा २५००. म्हणजे ७५० वरून एकदम काठाजवळ आलो की! ही घरगुती मोजणी आहे, लॅबची नाही, पंधरावीस टक्के इकडे तिकडे धरा. आत आहे, पण "भरपूर खाली" हे माझे शब्द मागे.

आणि ही मर्यादा म्हणजे डोळ्याची हमी नव्हे बरं का.

डोळसबाई

हेच लिहायला आले होते. अनुमोदन.

कबुतर_कंटाळा

अवांतर: याने खिडकीतली कबुतरं हाकलता येतील का? एसीच्या युनिटवर घरटं केलंय. १५ फुटांवर नेम बसेल?

गिरगावची_ताई

नको हो. जाळीवाल्याला बोलवा. बॉल रस्त्यावर जाईल, कबुतर परत येईल, आणि खाली वॉचमनला लागला तर तुमचा वेगळा धागा निघेल.

निवृत्त_फिटर

मामा, मी ३१ वर्षं मिलमध्ये आणि नंतर वर्कशॉपात काढली. सात वेळा अडकला हे वाचून हात शिवशिवले म्हणून लिहितो.

याच्या आत सायकलच्या पंपासारखं असतं. सिलेंडर, त्यात दट्ट्या, दट्ट्याला रबराची रिंग, मागे स्प्रिंग. खेचलं की स्प्रिंग दबते, ट्रिगर ओढला की दट्ट्या सुटतो, हवा दाबली जाते आणि बॉलला ढकलते. बॉल अडकायची कारणं दोन-तीनच. एक, मॅगझिनच्या तोंडाला साच्यातलं प्लास्टिकचं कुसळ राहिलेलं असतं, बॉल तिथे खरवडतो. नखाने चाचपून बघा, खरखरीत लागेल. बारीक कानशीने नाहीतर पॉलिश पेपरने हलक्या हाताने काढा. दोन, पूर्ण न खेचता अर्ध्यातून सोडणं. पोरगं पोटाला लावून ओढतंय म्हणजे त्याची ताकद पुरत नाही, अर्धवट खेचलं जातं आणि बॉल अर्धा आत अर्धा बाहेर. तीन, बॉलच गोल राहिलेले नाहीत. मॅगझिन भरून रात्रभर ठेवलं की खालचे बॉल चेपतात. खेळ संपला की मॅगझिन रिकामं करायचं, स्प्रिंग ताणून ठेवायची नाही.

रबराच्या रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा, तांदळाच्या दाण्याएवढं. खोबरेल नको, मशीनचं तेल नको, डब्ल्यूडी-४० तर अजिबात नको, तेलाने रिंग फुगते आणि दट्ट्या जाम होतो. माझ्या नातवाच्या पाणीपिचकारीला सुनेने खोबरेल लावलं होतं, मग मी आठवडाभर तेच करत बसलो होतो.

आणि अडकला तर नळीत बघायचं नाही, मॅगझिन काढायचं, नळी भिंतीकडे धरायची, वरची झाकणी असेल तर उघडून बॉल बोटाने काढायचा. झाकणी आहे का तुमच्यात?

चाळकरी_मामा

आहे काका! वरती एक सरकणारी झाकणी आहे, मला वाटलं शोभेची आहे. आणि मॅगझिनच्या तोंडाला कुसळ आहेच, बोटाला टोचलं.

कोपऱ्यातला_दुकानदार

माझं उपनगरात खेळण्यांचं छोटं दुकान आहे, पण मी काही विकायला आलो नाही. मामा, खोक्यावर आयएसआयचा मार्क आहे का? १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर तो सक्तीचा आहे. मार्कच्या वर आयएस ९८७३ लिहिलेलं असतं, बॅटरीवालं असेल तर आयएस १५६४४, आणि खाली सीएम/एल करून लायसन्स नंबर. तो नंबर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कंपनीचं नाव येतं. नुसता मार्क छापणारे पण आहेत म्हणून नंबर टाकून बघायचाच.

आता ते १४+ चं. हा नियम १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना लागू आहे. त्यामुळे काही जण खोक्यावर १४+ छापून मोकळे होतात, आणि वर चित्र मात्र सात वर्षांच्या पोराचं. ओरिजिनल रायव्हलवर पण १४+ असतं, पण तिथे कारण वेगळं, ते खरंच ३० च्या आसपास मारतात, लाइन २०१५ ला आली तेव्हापासून मोठ्या मुलांसाठी म्हणूनच विकतात. स्वस्तातल्या मालावर ते का लिहिलंय ते विचारून बघा, उत्तर मिळणार नाही. मी असा माल ठेवत नाही, गिऱ्हाईक शेजारी जातं, जाऊ दे.

जाता जाता, काळ्या रंगाचे खऱ्यासारखे दिसणारे घेऊ नका आणि घेतलेच तर लोकलमधून हातात मिरवत नेऊ नका. विमानाच्या हँडबॅगेत तर खेळण्यातली बंदूकसुद्धा चालत नाही, गेल्या वर्षी एक गिऱ्हाईक एअरपोर्टवर टाकून आलं आणि परत माझ्याकडून घेऊन गेलं.

चाळकरी_मामा

मार्क नाही. खोकं चारी बाजूंनी बघितलं, तळ पण बघितला.

पापलेटप्रेमी

रायव्हलचं निघालंच आहे तर: नर्फचा पहिला माल म्हणजे बंदूक नव्हतीच, नुसता फोमचा बॉल होता, १९७० साली पार्कर ब्रदर्सने घरात खेळायचा बॉल म्हणून बाजारात आणला. काचा फुटणार नाहीत, दिवे फुटणार नाहीत हीच जाहिरात. पन्नास वर्षांत तोच फोमचा बॉल नळीतून ३० च्या वेगाने मारायला लागले. नर्फ आता हॅस्ब्रोकडे आहे.

आणि पावसाचं कुणी लिहिलं नाही. मुंबईच्या दमट हवेत काही फोम एका पावसाळ्यात चिकट होतो आणि मग भुगा पडायला लागतो. पॉलियुरेथेनचा फोम ओलाव्याने सडतो. माझ्या पोरीचे बॉल जुलैत खिडकीत राहिले, गणपतीत काढले तर हाताला पिवळा भुगा. तसला बॉल नळीत गेला की अडकणारच. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आत बुटाच्या खोक्यातल्या त्या सिलिकाच्या पुड्या टाका. भिजले तर पंख्याखाली वाळवा, उन्हात नको.

बंड्या_बोरीवली

बरं गॉगल कुठला घ्यायचा ते तरी सांगा. मी तसाच खेळतो चष्मा घालून, चालतं ना?

डोळसबाई

नाही चालत. साधा चष्मा फुटला तर काच डोळ्याजवळच फुटते, आणि बाजूने उघडा असतो. होळीचे रंगीत गॉगल पण नाही, ते पाण्यासाठी असतात. पॉलिकार्बोनेटचे सेफ्टी गॉगल घ्यायचे, बाजूने बंद असलेले. त्यावर ईएन १६६ (गॉगलचं युरोपचं मानक) आणि एफ अक्षर असेल तर बघ. एफ म्हणजे ६ मिमीची पाऊण-पाव ग्रॅमची... थांब, ०.८६ ग्रॅमची स्टीलची गोळी ताशी १६२ किलोमीटरने, म्हणजे ४५ मीटर पर सेकंदाने मारून टेस्ट केलेला. कणाद, ज्यूल तुम्ही काढा. चष्मा असेल तर वरून बसणारे मिळतात. हार्डवेअरच्या दुकानात वेल्डिंगच्या सामानाशेजारी असतात.

आणि कुणाला लागलंच तर: डोळा चोळायचा नाही, दाबायचा नाही, पाण्याचे हबके नाहीत, घरातले ड्रॉप नाहीत. अंधुक दिसतंय, बुबुळाच्या खालच्या भागात लालसर रेघ दिसतेय, दुखतंय, उलटी येतेय, यातलं एक जरी असलं तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. जाईपर्यंत डोकं उंच ठेवून बसवायचं. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन द्यायचं नाही, रक्त वाढू शकतं. आणि दुसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून डॉक्टरने सांगितलेली पुढची तारीख चुकवायची नाही, कारण पुन्हा रक्त येण्याची भीती पहिल्या चार-पाच दिवसांत असते.

कणाद_परळकर

एफच्या टेस्टची ऊर्जा ०.८७ ज्यूल. म्हणजे ३० च्या वेगाचा बॉल त्यात बसतो, बंड्याचा ४० वाला बसत नाही.

बंड्या_बोरीवली

समजलं ओ. काढतो स्प्रिंग. (आईने पण हा धागा वाचलाय.)

चाळकरी_मामा

अपडेट. चार दिवस लागले कारण आमचे फिटरकाका (आयडीवाले नाहीत, तळमजल्यावरचे खरे) मध्येच गावाला गेले.

मॅगझिनचं कुसळ पॉलिश पेपरने काढलं. सिलिकॉन ग्रीस लोहार चाळीच्या बाजारात मिळालं, दाण्याएवढं लावलं. चेपलेले सहा बॉल टाकून दिले. परत ६० बॉल मारले, फक्त एकदा अडकला, तो पण भाच्याने अर्धवट खेचल्यामुळे. नेम पण सुधारला, ताटावर २० पैकी १६. नवीन ताट आहे, पत्र्याचं, माझ्या पैशाने.

पण एक गोष्ट झाली. डब्याची टेस्ट परत केली तर १८३ च्या जागी १७०. कणाद, मीच काढलं या वेळी, साडेवीसच्या आसपास येतो ना? ग्रीसमुळे हवा गळायची थांबली असणार. म्हणजे जास्त सेफ करायला गेलो आणि जास्त जोरात मारायला लागला. गुलालाचा ठसा पण घेतला, जरा मोठा आलाय, साडेचौदा.

कणाद_परळकर

साडेवीस बरोबर. ०.३६ ज्यूल, आणि तुमचा ठसा धरून २२०० च्या आसपास. अजून आत आहात. पण हा जोर वाढला त्यापेक्षा सातचा एक झाला हे मला मोठं वाटतं.

डोळसबाई

मलाही. नळीत बघायची वेळ सातदा यायची ती एकदा येते. आणि त्या एकदा काय करायचं ते त्याला शिकवलंय का?

चाळकरी_मामा

शिकवलंय. रोज खेळायच्या आधी म्हणायला लावतो, मॅगझिन काढ, भिंतीकडे धर, झाकणी उघड. पहिल्या दिवशी पाढ्यासारखं म्हणत होता, आता शेजारच्या मित्राला ओरडतो. खेळताना दोघांना गॉगल, काढला की त्या दिवसाचा खेळ बंद. एकदा बंद केला, रडारड झाली, संध्याकाळी वडापाववर मिटलं. माणसांवर मारायचं नाहीच, डबे आणि ताट. मार्क नसल्याचं मात्र डोक्यातून जात नाही, म्हणून ठरवलंय, सुट्टी संपली की डोंबिवलीला हा जाणार नाही, इथेच कपाटावर राहील, माझ्या समोरच खेळायचा. बहिणीला हे सांगितलं तर म्हणाली तुलाच खेळायचंय म्हण की.

गिरगावची_ताई

बहीण बरोबर बोलली. भिंतीवरच्या गुलालाचं काय झालं?

चाळकरी_मामा

कॅलेंडर लावलंय त्यावर. आई विचारत होती कॅलेंडर एवढं खाली का, मी म्हटलं भाच्याला तारखा दिसायला. आणि २४ चे बॉल आता १५ उरलेत, खालच्या बाईंना जिन्यात सापडले म्हणून त्यांनी परत दिलेले दोन धरून. सहा टाकले. बाकीचे तीन गच्चीच्या पन्हळीत आहेत, पावसाच्या आधी काढायला पाहिजेत नाहीतर पाणी तुंबेल आणि मग चाळीच्या मीटिंगमध्ये माझं नाव.

निवृत्त_फिटर

पन्हळीतले मिळाले तरी वापरू नका.